बाभळीवरची माळ

आमच्या गावचं तळं साहेबानं पाखरांसाठी राखून ठेवलं होतं. म्हणजे हिवाळ्यात मारायला. अमरावतीहून पाहुणे येत. त्यांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून काठाकाठानं मुरमाच्या पायवाटा केल्या होत्या. आम्ही माळी. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात टरबुजं, काकड्या लावायचो. तेवढी मुभा साहेबानं दिली होती, पण फुकट नव्हे. शिकारीच्या दिवशी बाबांनी गळाभर पाण्यात उतरून पडलेली बदकं आणून द्यायची.

बाबा माळकरी, कांदासुद्धा न खाणारे. उतरण्याआधी ते गळ्यातली तुळशीची माळ बाभळीला टांगत आणि घरी आंघोळ करूनच पुन्हा घालत. एखादं बदक जिवंत निघालं तर त्याची मान मुरगाळावी लागे. त्या दिवशी ते जेवत नसत.

आईला हे ढोंग वाटे. विटाळ नको म्हणून दुसऱ्या दिवशीही ती त्यांच्या ताटात वरून भाकर टाकायची.

"या हातानं माना मुरगाळता, मंग माळ काहून घालता?"

"याच हातानं टरबुजं लावली वं," बाबा म्हणाले. "ते त खातंच तू."

खरं बोललेलं आईला कधी पचलं नाही. पुढच्या शिकारीला ती काठावर आली. पहिले बार झाले होते. उडालेली पाखरं पुन्हा पाण्यावर बसेपर्यंत कोणी हलायचं नाही, असा दंडक होता. ओल्या धोतरानं बाबा कुडकुडत बसले होते, मी शेजारी. आईनं बाभळीवरची माळ काढली आणि पाण्यात भिरकावली.

माळ तरंगत लव्हाळ्याकडे चालली. बाबा धावत पाण्यात शिरले आणि परत बसू लागलेला सगळा थवा उठून गेला. माळ सापडायच्या आत साहेबाच्या रखवालदारानं त्यांना ओढून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्या वेलांवर गुरं सोडली.

"एका माळेपायी लेकरायचं अन्न घालवलं," असं आई गावभर सांगत फिरली. माळ कोणी फेकली ते बाबांनी कुणाला सांगितलं नाही. नवी माळही घातली नाही. मला दोघांचाही संताप यायचा.

पुढे बाबा गेले. माणसं जमली होती. आई मला म्हणाली, "बाजारातून माळ आण. बिनामाळेचा नेला त लोक काय म्हनतीन?"

मी म्हटलं, "तळ्यात हाये. उतर अन् आण."