अंकलची जानेवारीतली फेरी

नवघरच्या आमच्या स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात काहीही बिघडलं, तरी अंकलनी 'कुणी केलं?' असं कधी विचारलं नाही. बिघडलेला डबा हातात घेऊन ते म्हणायचे, "ह्यो आधी कोनाच्या हातात होता? नंतर कोनाच्या हातात जानार?" उत्तन गावचे हे आमचे सुपरवायझर. वयाने मोठे असलेले शेठही त्यांना अंकलच म्हणत. आवाज कधी चढवत नसत, पण उत्तर मिळेपर्यंत समोरून हलत नसत.

दर जानेवारीत कामाच्या पहिल्या दिवशी ते मशीन तासभर बंद ठेवत. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसपासून पॅकिंगपर्यंत सगळ्यांनी एकच डबा घेऊन खात्याखात्यातून फिरायचं, आणि आपण त्याचं काय करतो ते प्रत्येकाने बाकीच्यांना करून दाखवायचं. नव्या वर्षात काम सुरळीत चालावं म्हणून ही फेरी. आम्ही तिला अंकलची मिरवणूक म्हणायचो. "आपलं काम आपल्या टेबलावर संपत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य आलं की आम्ही पोरी एकमेकींना कोपरखळ्या मारायचो.

त्या वर्षी कुणी हसत नव्हतं. डिसेंबरात माल दोनदा परत आला होता. काही झाकणं सैल, काही निघता निघत नव्हती. झाकण बसवायचं काम पॉलिशवाल्यांचं, म्हणून खापर त्यांच्यावर फुटलं. रामदुलार तिथला सगळ्यात जुना कारागीर. त्याचा हात आता बिघडला असं ठरवून शेठनी त्याला घरी बसवलं, आणि तो गावी निघून गेला. पुन्हा माल परत आला तर पॉलिशचं काम बाहेर देणार, म्हणजे उरलेल्या सात जणांनाही नारळ, असं शेठनी सांगून टाकलं होतं.

मी पॅकिंगची इन्चार्ज, आणि मला डिसेंबरातच शंका आली होती. पॉलिशवाले प्रत्येक झाकण त्याच्या त्याच्या डब्याला घासून बसवत आणि जोडीनेच आमच्याकडे पाठवत. आत माहितीचा कागद घालायला आम्ही डबे उघडायचो. जागा कमी आणि घाई फार, म्हणून दिवाळीपासून मी झाकणांचा वेगळा ढीग करायला लावला होता. कागद घातला की हाताला येईल ते झाकण लावायचं. काम झपाट्याने व्हायचं, शेठनी शाबासकीही दिली होती. रामदुलार गेला त्या दिवशी मला बोलायचं होतं. बोलले नाही.

फेरीचा डबा प्रेसवरून निघाला आणि पॉलिशला आला. तिथल्या माणसाने झाकण बसवून दाखवलं. अंकलनी ते तीनदा काढून लावून पाहिलं, काही खोट नव्हती. मग सगळे माझ्या टेबलाभोवती येऊन उभे राहिले. समोर एकच डबा, एकच झाकण. कागद घालून तेच झाकण परत लावलं असतं तर कुणाला काहीही कळलं नसतं. तसंच करायला माझा हात पुढे झालासुद्धा.

अंकल म्हणाले, "बाय, रोज करतेस तसंच कर."

मी ते झाकण काढून कालच्या ढिगात टाकलं आणि दुसरं उचललं. ते बसेना. पॉलिशवाल्यांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. "दिवाळीपासून मी असंच करतेय," मी म्हणाले. "रामदुलारची काही चूक नव्हती."

शेठ केबिनच्या दारातून ऐकत होते. पॉलिश इथेच राहील आणि रामदुलारला परत बोलवायचं, असं अंकलनी त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं. शेठ 'बरं' म्हणून आत गेले. मग अंकल माझ्याकडे वळले. "तुला कवा कळलं?" डिसेंबरात, मी म्हटलं. माझी नोकरी गेली असं मी धरूनच चालले होते.

"मंग फोन तूच लाव," ते म्हणाले. "मी लावनार न्हाय."

मी सगळ्यांसमोर रामदुलारला फोन लावला आणि हिंदीत जमेल तसं सांगितलं. रामदुलार म्हणाला, "मॅडम, एक बार मेरी घरवाली को भी बोल दीजिए." मी तिलाही सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हमको तो पता था. उन्हीं को फिर से बोलिए. उनको लगता है हाथ सच में बिगड़ गया." मी त्याला पुन्हा सांगितलं. मला रडू आवरत नव्हतं, तरी बोलणं पुरं होईपर्यंत अंकलनी मला फोन ठेवू दिला नाही.

रामदुलार होळी करून परत आला. अंकल त्याच महिन्यात निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारले. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता. आज त्यांची फार आठवण येते. आता जानेवारीतली फेरी मी घेते, आणि नव्या मुलींना आधी माझी ही चूक सांगते. रामदुलार तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहतो.