पुएर्तो लुपुनानं अडवलेली सोराइदा

सोराइदा मुरायारीला पुएर्तो लुपुनाच्या लोकांनी बांधून वगैरे ठेवलं नव्हतं. त्यांनी फक्त तिच्या होडीच्या इंजिनाचा पंखा काढून घेतला. मारान्योन नदीच्या त्या फाट्यावर पंखा नसलेली होडी म्हणजे बसायचं बाकडंच.

सकाळी ती सामान घेऊन धक्क्यावर आली, तेव्हा गावचा अपू, म्हणजे मुखिया, अबनेर इनुमा, पंखा मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. त्याची धाकटी मुलगी लिदिस महिन्यापूर्वीच गेली होती. आधी ताप, मग पाण्याची भीती, मग काहीच नाही. वटवाघळानं चावा कधी घेतला, हे घरात कुणाला सांगता येत नव्हतं. तिकडे कोण लक्षात ठेवतो? पावसाळ्यात डास चावावेत तशी ती रक्त पिणारी वटवाघळं चावतात.

"डॉक्टरीणबाई, आज जायचं नाही," अबनेर म्हणाला.

"मी डॉक्टर नाही अबनेर, हजारदा सांगितलंय."

"असू दे. जायचं नाही."

खरं तर ही तिची शेवटची खेप होती. चाळिशी उलटलेली, लग्न नाही, अर्धं आयुष्य छपरांखाली जाळी लावण्यात गेलेलं. वडील नदीवर मीठ-साबण विकायचे; त्यांच्याच होडीत अभ्यास करून ती इकितोस शहरातल्या विद्यापीठात पोचली आणि तिथे वटवाघळांच्या मागे लागली. पुढे चार विभागांनी मिळून एक मोठा प्रकल्प काढला. वैद्यकवाले लोकांचं रक्त घ्यायचे, प्राणिशास्त्रवाले वटवाघळांचं. अभियांत्रिकीवाल्यांनी वटवाघूळ घरात शिरलं की नोंद करणारी यंत्रं बनवून छपरांत बसवली. आणि गाववाले ती यंत्रं नीट सांभाळतात की त्यांवर कपडे वाळत घालतात, हे बघायला तंत्रज्ञान व्यवस्थापनवाले. चौघांची गावातली सगळी कामं एकट्या सोराइदाच्या गळ्यात. चौघांचे साहेब एकमेकांशी बोलत नसत. जे काही बोलायचं ते तिच्यामार्फत.

आता तिला पुरे झालं होतं. त्रुहियोला, समुद्राकाठी, कोरड्या हवेत, एका संग्रहालयात तिला जागा मिळाली होती. हजर व्हायची तारीख ठरली होती. घर बघून ठेवलं होतं, खिडकीतून नदी न दिसणारं.

दुपारी सभाघरात गाव जमलं. कुणी ओरडलं नाही. अबनेर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "वटवाघूळ येतं, रक्त पितं, जातं. तुम्ही लोक येता, रक्त घेता, जाता. फरक एवढाच, की वटवाघूळ येताना कागदावर अंगठा मागत नाही."

मागच्या बाकांवर हशा पिकला. सोराइदालाही हसू आलं आणि लगेच तोंड कडू झालं.

"लस आली की पंखा मिळेल," अबनेर म्हणाला. "सगळ्या गावाला. चावलेल्यांना आणि न चावलेल्यांनाही."

त्याला माहीत नव्हतं की प्रकल्पाच्या अहवालात नेमकं हेच लिहिलेलं आहे. कितीतरी जणांच्या रक्तात रेबीजशी गाठ पडल्याच्या खुणा सापडल्या होत्या. पुढचा बळी जायच्या आत सगळ्या गावाला लस द्या, हा अहवालाचा निष्कर्ष होता. पण पहिलं नाव वैद्यकचं की प्राणिशास्त्राचं, यावर अहवाल वर्षभर अडला होता. तो वाद मिटतो न मिटतो तोच यंत्रांचे हक्क कुणाचे, यावर अभियांत्रिकी अडली. आणि छापून येईपर्यंत बाहेर अवाक्षर काढणार नाही, अशी सोराइदाची सही होती.

तिनं गावच्या बिनतारी यंत्रावरून प्रकल्पप्रमुख डॉक्टर गार्सेसना गाठलं.

"तुला जेवायला देतायत ना?" गार्सेस म्हणाले.

"देतायत. डॉक्टर, अहवालाचं सांगू का त्यांना?"

"वेडी आहेस का? अजिबात नाही. मी मध्यस्थ पाठवतो. तू फक्त शांत राहा."

ती शांत राहिली. मध्यस्थ आला नाही.

ती तेओलिंदामावशीच्या घरी उतरली होती. म्हातारी तिला भाजलेली केळी आणि मासे खाऊ घाली, आंबवलेल्या कसावाच्या कंदांचं पेय, मसातो, वाडग्यात ओतून देई आणि झोपताना मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून देई, लहान मुलाला खोचावी तशी. चिडायचं तरी कुणावर? ओढ्यावर कपडे धुवायला जावं तर बायका सरकून जागा देत. कुठेही जा, कुणी अडवत नव्हतं. फक्त जायला कुठेच जागा नव्हती. पुढे नदी, मागे रान. फुटबॉलच्या मैदानाला फेऱ्या मारून मारून तिला गावातला प्रत्येक कुत्रा ओळखू लागला. त्रुहियोची तारीख जवळ येत गेली, आली आणि गेली. त्या दिवशी ती पडवीत बसून चवळी सोलत राहिली. मावशीनं विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" ती "हो" म्हणाली.

एका दुपारी सगळं गाव मळ्यात गेलेलं असताना ती धक्क्यावर गेली. तेओलिंदाची डोंगी बांधलेली होती, वल्हं आत. सोराइदा होडीवरच वाढलेली. प्रवाहाबरोबर दोन दिवसांत ती मोठ्या गावी पोचली असती. तिनं दोर सोडला, आत बसली.

"थांब गं पोरी," वरून आवाज आला. तेओलिंदा धापा टाकत उतरत होती. आता ही ओरडणार, लोक जमणार, असं सोराइदाला वाटलं. म्हातारीनं पानात बांधलेला भात-कोंबडीचा हुआने तिच्या मांडीवर ठेवला. "वाटेत खायला नको का काही? आणि डाव्या काठानं जा, उजवीकडे ओंडके वाहतायत."

"मावशी, तुम्ही मला अडवणार नाही?"

"मी कशाला अडवू? पंखा अबनेरनं काढला, मी नाही." तेओलिंदा पायरीवर टेकली. "लिदिसला शेवटी मीच धरून बसले होते. पाणी मागायची आणि पाणी बघून किंचाळायची. तू जा. तुझी काय चूक?"

सोराइदानं वल्हं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. तिला रडू आलं नाही, राग आला: गार्सेसचा, अबनेरचा, ह्या म्हातारीचा आणि तिच्या त्या भाताचा. मग ती उतरली, डोंगी पुन्हा बांधली आणि चिखलातून थेट बिनतारी यंत्राच्या खोलीत गेली.

त्या यंत्रावर आजूबाजूची सगळी गावं, आरोग्य खात्याची चौकी आणि इकितोसच्या आकाशवाणीतला एक बातमीदारही कान लावून असे, हे तिला ठाऊक होतं. तिनं नाव सांगितलं आणि अहवालातलं सगळं बोलून टाकलं: कोणत्या गावांत किती धोका, काय करायला हवं आणि ते का झालेलं नाही.

तासाभरात गार्सेस यंत्रावर. "सोराइदा, तू सही केली होतीस."

"हो."

"मग आता माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नकोस."

"कधी ठेवली होती, डॉक्टर?" ती म्हणाली आणि बटण सोडलं. अबनेर दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं," तो म्हणाला.

"माहीत होतं."

चार दिवस तो तिच्याशी बोललाच नाही. पाचव्या दिवशी, आकाशवाणीवर बातमी गाजल्यावर, बर्फाच्या पेट्यांत लस घेऊन नर्सांची होडी लागली, सभाघरासमोर रांग लागली, म्हाताऱ्यांनी तक्रारी केल्या, पोरांनी भोकाड पसरलं. सगळ्यांची सुई टोचून झाली, तेव्हा अबनेरनं पंखा आणला आणि स्वतः वाकून बसवला. तोंड वर न करता म्हणाला, "मागच्या वर्षीच बोलला असतात, तर."

तिनं इंजिन सुरू केलं.

इकितोसमध्ये चौकशी झाली. प्रकल्पातून तिला काढलं, त्यावर चाललेली तिची पीएचडी बुडाली. संग्रहालयानं जागा दुसऱ्याला दिली होती. अहवाल मात्र लगेच छापून आला, चारही विभागांची नावं एका ओळीत. सोराइदाचं कुठेच नाही. तिची थोरली बहीण निल्दा अजून टोमणा मारते, "चार घरची सून झालीस गं, आणि एकानंही ताटावर बोलावलं नाही."

आरोग्य खात्यानं तिला कंत्राटावर घेतलं, कारण त्या फाट्यावरची गावं दुसऱ्या कुणाला लस टोचू देईनात. "मुरायारीबाई येणार असतील तरच," असा अबनेरचाच निरोप होता. ती दर हंगामात बर्फाची पेटी घेऊन वर जाते. त्या गावांत त्यानंतर रेबीजनं कुणी गेलेलं नाही. हे ती सांगते, पण अभिमानानं नाही. हवामान सांगावं तसं सांगते. सोडून का जात नाहीस, असं कुणी विचारलं, की आधी चिडते. मग म्हणते, "जाईन ना. आधी दुसरं कुणीतरी सापडू दे, ज्याला ते दारात उभं करतील." तसं कुणी अजून सापडलेलं नाही. खरं म्हणजे, तिनं शोधलंही नाही.