पाच ठिकाणची दवंडी

बोलणं संपलं की मामा उजवा हात कानामागं धरायचे आणि विचारायचे, "कानावर पडलं का?" समोरचा "पडलं" म्हणेपर्यंत ते जागचे हलत नसत. समोर एकटी म्हातारी असो की सरपंच, नियम सगळ्यांना एकच.

मामा आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई. गावात दवंडी द्यायचं काम त्यांच्याकडंच. मी तिथं कॉम्प्युटरवर बसते. आमचं गाव खर्ड्यापासून फार लांब नाही. जमीन कोरडी, त्यामुळे दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. अशा गावात वरून हुकूम आला, की आता सगळ्या सूचना मोबाईलवरच द्यायच्या. पंचायतीचं ॲप आलं, व्हॉट्सॲपचा ग्रुप झाला आणि मामांची हलगी खुंटीला लागली. म्हातारा आता रुसून बसणार, असं मला वाटलं. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

पण मामा रुसले नाहीत. ते माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"ताई, ह्यो निरोप गेला म्हंजी कुठं गेला?"

"ग्रुपवर."

"आन् ही निळी खूण? म्हंजी समजलं, का नुसतं बघितलं?"

दुसऱ्या दिवशी पाहते तर स्वारी घरोघर विचारत हिंडतेय, की काल ताईनं काय धाडलं होतं. निम्म्यांनी ते उघडलंच नव्हतं. ज्यांनी उघडलं त्यांना ते सरकारी मराठी कळलं नव्हतं. हे सगळं मामांनी मला अगदी खुशीत येऊन सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा रागच आला होता.

रागारागातच मी त्यांना फोनवर आवाज भरून पाठवायला शिकवलं. म्हटलं, द्या आता तुम्हीच दवंडी. जनावरांना लस टोचायला डॉक्टर येणार होते, तेवढंच सांगायचं होतं. तासाभरात ग्रुपवर मामांचे पाच निरोप येऊन पडले. पाचही तेच, शब्दाला शब्द, हलगीसकट. एक पारावरून, एक एसटी स्टँडवरून, एक पिठाच्या गिरणीपाशी, एक शाळेपुढं आणि एक चावडीवरून. मामा नेहमीच्या पाची ठिकाणी पायी जाऊन आले होते.

गाव हसून हसून बेजार झालं. आमचे ग्रामसेवक, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो मामा, एकदा पाठवलं की सगळ्यांना जातं."

"जात आसंल की. पन गिरनीवरच्या बाया पारावरची दवंडी कशापायी ऐकतील?"

मीही हसले. पण मनात किडा वळवळत राहिला. संध्याकाळी दळण घेऊन गेले तेव्हा गिरणीवरच्या बायकांना सहज विचारलं, की पाचांतला कुठला निरोप ऐकला? एकीनं फोन काढून दाखवला. "ह्यो आमचा. मागं चक्की वाजतीय बघा." बाकीचे चार तिनं उघडलेच नव्हते. पारावरच्या म्हाताऱ्यांनी पारावरचा तेवढा ऐकला होता. मग मी भाऊसाहेबांना सांगितलं, मामांचं असंच चालू द्या.

त्या हिवाळ्यात गावाच्या आराखड्याचं काम निघालं. एकच काम होणार होतं: देवळापुढं सभामंडप, नाहीतर माळावरच्या वस्तीला नळ. लोकांनी ॲपवर कौल द्यायचा, आठ दिवसांत. वाचता न येणाऱ्यांसाठी मी मंडपाचं आणि नळाचं चित्र टाकलं होतं. माळावरच्या बाया ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायच्या. पण सगळी वस्ती तेव्हा कर्नाटकाच्या हद्दीवर ऊस तोडत होती. गावात होते त्यांनी मंडपावर बोट ठेवलं. मी नोटीस ग्रुपवर टाकली होती, म्हणजे माझ्या मते माझं काम झालं होतं.

मामा रोज विचारायचे, "माळावरचं कुनी बोललं का?"

रोज माझं उत्तर "नाही."

पाचव्या दिवशी त्यांनी हलगी खुंटीवरून काढली आणि म्हणाले, "चला, फोन धराय या."

भर दुपारी आम्ही वस्तीवर गेलो. दारांना कुलपं, कुलपांपुढं बोराटीच्या फांद्या. एक कुत्रं तेवढं उठून आलं.

"मामा, इथं कोण आहे ऐकायला?"

"ऐकनारी इथलीच हायेत न्हवं? मंग इथनंच सांगाय पायजे."

त्यांनी हलगी वाजवली आणि एकेका घरापुढं उभं राहून नाव घेऊन सांगायला लागले. "तुमची शेळी बरी हाय, दोन करडं झाली. तुमच्या दारातला लिंब लई वाढलाय. आता नळाच्या चित्रावर बोट ठिवा, न्हाईतर म्हातारपनी बी हंडा सुटायचा न्हाई." शेवटच्या घरापाशी त्यांनी कानामागं हात धरला. "कानावर पडलं का?" आणि त्या रिकाम्या गल्लीत खरंच वाट बघत थांबले. मला राहवेना. मीच म्हणाले, "पडलं, मामा," आणि फोनवर भरलेलं सगळं ग्रुपवर पाठवलं.

दिवस मावळायच्या आत उसाच्या फडातून कौल यायला लागले. एका बाईनं आवाज पाठवला, "मामा, आमचं कुत्रं वरडलं त्यात! नळावरच दाबलं बघा." थोडक्या मतांनी नळ जिंकला.

काम व्हायला वर्षाच्या वर गेलं. वस्ती पुन्हा ऊसतोडीला गेली. मामा रोज माळावर जाऊन पाईप कुठवर आला ते बघून यायचे. मला बजावून ठेवलं होतं, "पानी आल्याचं तुमी लिवायचं न्हाई. ती दवंडी माझी."

नळाला पाणी यायच्या चार दिवस आधी मामा गेले. ताप आल्याचं निमित्त झालं.

मी ग्रुपवर त्यांच्या निधनाची बातमी टाकली. चार दिवसांनी पाणी आल्याचंही टाकलं. श्रद्धांजलीचे हात जोडलेले शंभर निरोप आले, तेव्हा मला वाटलं, सगळ्यांना कळलं.

त्याच आठवड्यात एका रात्री उशिरा माळावरची माणसं ट्रॅक्टरमधून थेट वस्तीवर परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनमध्ये कुत्र्याचा आवाज ओळखणारी ती बाई ऑफिसात आली. कडेवर गुळाची ढेप, चेहरा नुसता फुललेला.

"दारात पानी आलंय, ताई! आन् मामा कुठं हायेत? येवढं पानी आलं तरी आमाला सांगितलं न्हाई त्यांनी. रागावलेत व्हय आमच्यावर?"

"ग्रुपवर टाकलं होतं मी," असं म्हणताना माझी मलाच लाज वाटली.

"लिवलेलं व्हय? आमाला कुठं वाचता येतं? आमी सगळी त्यांच्या आवाजाची वाट बघत हुतो."

तिनं ढेप टेबलावर ठेवली आणि ऐकायला माझ्यासमोर बसली. मग मला तिला सगळं तोंडानं सांगावं लागलं.