तुळशीरामचं सोंग आणि आमचे मंगळवार

आमच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये 'शेरा' नावाचा एक रकाना असायचा. जेमतेम दोन बोटं रुंद. त्यात 'प्रगती समाधानकारक' एवढंच मावायचं, तेही बारीक अक्षरात लिहिलं तर! खेड्यात दिवसभर जे काही घडायचं ते त्या रकान्यात बसायचं नाही, मग ते माझ्या डोक्यात साठत गेलं. नऊ वर्षं साठलं. आता मी चंद्रपूरच्या ऑफिसात पंख्याखाली बसून दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासते. कुणी 'प्रगती समाधानकारक' लिहिलं की मला हसू फुटतं. म्हणजे तिथं नक्की काहीतरी भारी घडलेलं असणार!

मी व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक होते. गडचिरोली जिल्ह्यात, मार्कंड्याच्या रस्त्याला लागून, वैनगंगेच्या काठावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं माझ्यावर रागावली तर मला चैन पडणार नाही. दर मंगळवारी मी लाल डब्यानं तिथं जायची. दारू सोडलेले, सोडू बघणारे आणि नुसतंच बघायला आलेले असे सगळे दुपारी समाजमंदिरात जमायचे. हे किस्से त्या बैठकीचे आहेत.

*

सुरुवात झाली ती एका शिबिरानं. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे कागदोपत्री गावात कुणीच पीत नव्हतं. मोहाच्या दारूचा वास मात्र बस थांबायच्या आधीच यायचा! आमचे डॉक्टर टेबल मांडून बसले, मी रजिस्टर उघडून बसले. अकरा वाजले, बारा वाजले, पेशंट एकही नाही. समोर चिंचेखाली पंचवीसेक माणसं बसलेली, पहिला कोण उठतो याची वाट बघत.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, चालणं सरपंचाचं. माझ्यासमोर येऊन हळूच म्हणाले, "बाई, मी पेत नाई. पन गावात जे जे पेते त्याइचे नावं सांगतो. लिवा."

मला वाटलं, मोठाच मासा गळाला लागला. पेन सरसावलं.

"पयलं नाव लिवा, डोमाजी."

"डोमाजी कोण?"

"मीच नं जी!"

त्यानंतर चिंचेखालची अख्खी रांग टेबलापाशी आली.

*

त्या रांगेत शेवटचा उभा होता तुळशीराम. तळ्यात आणि नदीत मासेमारी करणारा, चाळिशीचा, काटक माणूस. त्याच्यामागे दोन हात अंतरावर त्याची बायको पार्बताबाई. ती त्याला घेऊन आली होती की त्याच्यावर पहारा करत होती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी सोडायचा प्रयत्न केला?"

"केला नं जी. दर सालच्या जत्रेत मार्कंड्याले शपथ घेतो. देवाले आता माहा चेहरा पाठ झाला."

डॉक्टर म्हणाले, इथं शपथ घ्यायची नाही. गोळ्या घ्यायच्या, जेवण करायचं, दर मंगळवारी बैठकीला यायचं. घसरलात तरी यायचं, उलट घसरलात तर नक्की यायचं.

बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. शपथ नाही, पथ्य नाही, नारळसुद्धा नाही! डोमाजींना राहवलं नाही. "डाक्टरसाहेब, निदान एक सुई तं टोचा! लोकाइले वाटलं पायजे नं, का काईतरी सुरू हाय!"

*

दारू एकदम थांबवली की अंग थरथरतं, काहींना भलतंच दिसायला लागतं. तुळशीरामचं पिणं फार जुनं, म्हणून त्याला चार दिवस तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले, तर वॉर्डात गोंधळ! तुळशीराम पलंगावर उभा. हातात चादर. त्याला समोर तळं दिसत होतं. त्यानं ती चादर अशी झोकात फेकली की शेजारच्या पलंगावरचे एक मास्तर पुरते झाकले गेले.

मास्तर ओरडले. सिस्टर इंजेक्शन आणायला धावली. मी "तुळशीराम भाऊ, खाली बसा, हे तळं नाही" असं समजावत होते, म्हणजे अगदी ट्रेनिंगमध्ये सांगितलं तसं! तो माझ्याकडे ढुंकून बघेना. पार्बताबाई मात्र जागची हलली नाही. शांतपणे म्हणाली, "आता वढा. जाळं भरलं."

त्यानं चादर ओढली, नीट गोळा केली, पायथ्याशी ठेवली आणि पलंगावर बसला. सिस्टरनं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात तो झोपला.

दुसऱ्या दिवशी त्याची थरथर उतरली. पार्बताबाई वऱ्हांड्यात मला म्हणाली, "ताई, बारा वर्सात पयल्यांदा ह्या मानसानं मासे पकडून माह्या हवाली केले!"

मी हसले आणि मग माझेच डोळे भरून आले. असं त्या कामात सारखं व्हायचं.

*

दारू सुटली, पण खर्रा, म्हणजे सुपारीत घोटलेला तंबाखू, दुप्पट झाला. मी बैठकीत तंबाखूनं तोंडाचं काय होतं ते पोटतिडकीनं सांगत असायची आणि तेवढ्या वेळात खर्ऱ्याची पन्नी या हातातून त्या हातात अशी अख्खं वर्तुळ फिरून यायची. एकदा मी भडकले. मी तशी लवकर भडकते.

डोमाजी म्हणाले, "बाई, एक एक दुश्मन मारू द्या नं. अन् तुमी सांगा, तुमी दिवसाले चहा किती पेता?"

मी म्हटलं, तीनचार.

"तीनचार? मी मोजतो नं जी दर मंगळवारी! आमच्या गावातच सात होते! असं करू, तुमी चहा सोडा, मी खर्रा सोडतो."

भर बैठकीत आव्हान! मी घेतलं. त्यात काय एवढं? पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी माझ्या नवऱ्यावर, कुकरवर आणि कंडक्टरवर खेकसले. चौथ्या दिवशी स्टँडवरच्या टपरीमागे उभी राहून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, मी चहाचा एक कट मारला. पाठोपाठ दुसरा.

मंगळवारी खरं सांगून टाकलं. वाटलं, आता हे लोक माझी टर उडवणार. पण कुणी हसलं नाही. डोमाजींनी तर चक्क माझाच आवाज काढला, "घसरलं तं घसरलं. पयले हे सांगा, आठवन कोन्या टायमाले येते? संगं कोन रायते? रस्ता बदलून पाहाल का?"

नऊ वर्षांत मला मिळालेलं ते सगळ्यात चांगलं ट्रेनिंग. डोमाजींनी तोपर्यंत खर्रा अर्ध्यावर आणला होता, हे त्यांनी नंतर सांगितलं.

*

मुंबईहून एक साहेब आले होते, आमचं काम बघायला. गावात वर्षभरात बारा जण दारूपासून दूर राहिले म्हणून भारावून गेलेले. बैठकीत त्यांनी विचारलं, "याचं रहस्य काय? लोकसहभाग? स्त्रीशक्ती? समुपदेशन?"

मी जरा पदर सावरून बसले.

डोमाजी बराच विचार करून म्हणाले, "मंगरवारी टीव्हीवर काई नसते, साहेब."

*

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते आणि दुपारी दंडार होते. ढोलकी, टाळ, नाच आणि मध्ये मध्ये सोंगं. तुळशीराम वर्षानुवर्षं दंडारीत दारुड्याचं सोंग घ्यायचा. पंचक्रोशीत नाव होतं त्याचं. सोंग कसलं, तो पिऊनच यायचा! आणि आता पहिल्यांदाच बिनदारूचा दारुड्या व्हायचं होतं.

तालमीत पंचाईत झाली. तुळशीराम झिंगायला गेला की शाळेच्या कवायतीला आल्यासारखा ताठ चालायचा. कुणी हसेना. मंडळीचा प्रमुख महादेव, ढोलकी तोच वाजवायचा, त्यानं सोंग बदलून बघितलं. तुळशीरामला पोलीस केलं. तर पोलिसाच्या ड्रेसमध्ये त्याचे पाय आपोआप वाकडे पडायला लागले! महादेव कपाळाला हात लावून म्हणाला, "दारुड्या केला तं सिधा चालते, पोलीस केला तं झिंगते! का करू मी ह्याचं?"

सगळे खो खो हसले. तुळशीराम हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो तालमीला गेलाच नाही. घरी भिंतीला टेकून बसायचा. जाळंसुद्धा दुरुस्त करेना. आणि महादेव निरोप पाठवायला लागला, "सोंगापुरता एक घोट घेऊ दे. एका घोटानं का होते?"

एका घोटानं काय होतं ते मला माहीत होतं, पार्बताबाईला त्याहून जास्त माहीत होतं. मी तिला म्हटलं, या वर्षी दंडार राहू दे. ती फाटकं जाळं हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "दारू गेली थे बरं झालं, ताई. पन मानूसबी तिच्यासंगं गेला. थो दिवसभर बोलत नाई. असा कोरडा मानूस घेऊन मी का करू?"



*

मंडईच्या आधीच्या मंगळवारी तुळशीराम बैठकीला आला आणि खाली बघत बोलला. "मी का करू जी? मी पेलो की कसा चालतो, मले का मालूम? मी मले कधी पाह्यलोच नाई."

पार्बताबाई नेहमीप्रमाणे दारात उभी होती. ती आत आली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "म्या पाह्यलं. बारा वर्सं पाह्यलं. पाहा."

आणि समाजमंदिराच्या फरशीवर ती तुळशीराम झाली! गल्लीच्या कोपऱ्यावर तो कसा थांबायचा, आधी कोणता पाय टाकायचा, कडुनिंबाला "सरक गा" म्हणून कसा दटावायचा, दाराची कडी भिंतीवर कशी चाचपायचा. लोक पोट धरून हसत होते. डोमाजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ती दारातून आत गेल्याचं दाखवत वाकली, समोर कुणी लहान उभं असल्यासारखं बघत जाड आवाजात म्हणाली, "कोन हाय वो तू? कोनाची पोट्टी हायेस?"

हसणं थांबलं. त्यांना एकच मुलगी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तुळशीराम म्हणाला, "मी पोरीले असं म्हनत होतो?"

"म्हनत होते," पार्बताबाई म्हणाली. "आता उठा. डावा पाय आधी टाका."

तास दीड तास ती त्याला शिकवत होती. त्या दिवशी मी रजिस्टर उघडलंच नाही. शेवटची बस गेली, आणि मी डोमाजींच्या सुनेकडे मुक्काम केला. तसा मंगळवार पुन्हा माझ्या वाट्याला आला नाही. ऑफिसात बसल्या बसल्या आजही त्याची आठवण आली की माझं कामात लक्ष लागत नाही.

*

मंडईच्या दुपारी मी मुद्दाम गेले. पटांगण भरलेलं, धानाच्या तणसावर बायका बसलेल्या, मी पार्बताबाईच्या शेजारी. दारुड्याच्या सोंगाला थोडा वेळ होता. तेवढ्यात महादेव तुळशीरामच्या खांद्यावर हात टाकून त्याला समाजमंदिराच्या मागे घेऊन गेला. मी बघितलं. पार्बताबाईनंही बघितलं.

पाचेक मिनिटांनी ते परत आले. महादेवनं ढोलकीवर थाप मारली आणि तुळशीराम झिंगत रिंगणात आला.

काय सांगू! डावा पाय, मग थांबणं, मग कडुनिंबाला दम देणं. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. तो कडी शोधत होता, सापडेना, भिंतीलाच हात जोडून विनवत होता. मग तो वाकला. समोरच्या मोकळ्या जागेकडे बघून त्यानं विचारलं, "कोन हाय वो तू?"

पटांगण हळूहळू गप्प होत गेलं. त्या गावानं हे गल्लीत बघितलेलं होतं. तुळशीराम तसाच वाकून राहिला, तोल गेला, ढोलकीपाशी भुईवर पडला आणि उठायला धडपडायला लागला. त्याला उठता येईना. माझ्या शेजारी पार्बताबाई पुटपुटली, "हे म्या नोयतं शिकवलं."

ती उठली. बायकांमधून वाट काढत सरळ रिंगणात गेली. ढोलकी थांबली, टाळ थांबले. तिनं खाली बसून तुळशीरामची हनुवटी धरली, त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि वास घेतला. एकदा घेतला. पुन्हा एकदा घेतला. तो तोंड उघडं ठेवून लहान लेकरासारखा तिच्याकडे बघत राहिला.

पार्बताबाई उभी राहिली, पदर सारखा केला आणि महादेवकडे वळून म्हणाली,

"सोंगच हाय. वाजवा!"