कौलाला लावलेला प्रश्न

माझ्या वहिनीचं पहिलं मूल कवटीविना जन्मलं आणि दुपार व्हायच्या आत गेलं. गावात अजून एखादं म्हातारं माणूस त्याला ‘ग्रहणाचा दोष’ म्हणतं, म्हणून हे लिहिते. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. ‘चेडवाक बी.एस्सी. कित्याक?’ म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून झालेली. मला गप्प बसता येत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. दादा बोटीवर होता, मी कॉलेजच्या सुट्टीत घरी. वहिनीला आठवा लागला होता आणि पोट नवव्याहून मोठं दिसत होतं. आये खूश. ‘जुळी आसतली गो!’ मालवणच्या डॉक्टरांना मात्र ते बरं वाटलं नाही. त्यांनी घाटावरच्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायला धाडलं. सोनोग्राफी तेव्हा कुठली? पोटातलं बघायचं तर हाच एक उपाय, तोही दिवस भरत आल्यावर. एस.टी.त ओकून ओकून वहिनी अर्धी झाली. बाबा आणि मी सोबत.

तिथल्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीला धरली. कणा दिसला, बरगड्या दिसल्या, दुमडलेले पाय दिसले. चेहऱ्याच्या वर काहीच नव्हतं.

‘हे मूल जगणार नाही,’ ते म्हणाले. ‘हे पहिल्या महिन्यातच घडतं. दिवस गेलेत हे बाईला नीट कळलेलंही नसतं.’

‘माझा काय चुकला?’ वहिनीने विचारलं.

‘काहीही नाही.’

बाबांनी हे ऐकलं. मान खाली घालून, पण ऐकलं.

तिला आम्ही तिथेच ठेवलं. बाळंतपण अवघड गेलं, रक्त थांबेना, बाटल्या चढवाव्या लागल्या. घरी सुईणीच्या हाती असती तर मुलामागोमाग तीही गेली असती. आधी कळलं म्हणून ती वाचली. मूल वाचणारच नव्हतं, मग बघून काय मिळवलं, असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

घरी आल्यावर आयेने ग्रहण काढलं. ‘पोटार हात ठेवन बस म्हणान सांगलंय हुतंय. आयकाक नाय. विळयेर बांगडे कापल्यान.’ शेजारणींनी माना डोलावल्या. ग्रहण लागलं तेव्हा वहिनीला सहावा होता, हे कुणी मोजलं नाही. दोष लागलेली सून घरात ठेवायची की कायमची माहेरी धाडायची, हे देवाला विचारायचं ठरलं.

आमच्याकडे देवाला विचारायचं म्हणजे कौल. गुरव देवाच्या पाषाणाला ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो आणि प्रश्न मांडतो. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. देव तेवढंच बोलतो. बाकीचं सगळं प्रश्न मांडणाऱ्याच्या तोंडून येतं.

देवळात सगळे जमल्यावर गुरवाने सुरू केलं, ‘बा देवा म्हाराजा, ह्या सुनेन गिराणात चिरल्यान, ता बाधला. आता तिका...’

‘काका, थांबा,’ मी म्हटलं. ‘बाधला ह्या कोणी ठरवलान? आधी ताच विचारा ना.’

‘गो चेडवा, कॉलेजात शिकलंस म्हणान देवाक शिकवतंस?’

‘देवाक नाय. तुमका शिकवतंय.’

खांबाआड कुणीतरी फिसकन हसलं. आयेने माझ्या दंडाला चिमटा काढला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वहिनी पुढे आली. डोक्यावरचा पदर तसाच, आवाज मात्र सभामंडपभर.

‘देवाक कित्याक विचारतास? माका विचारा. माझ्या पोटात हुता ता. डॉक्टर काय बोललो, ता मामंजींनी आयकला हा.’

सगळे बाबांकडे बघू लागले. बाबा शाळेत गेले नव्हते, देवळाच्या पायरीवर कधी चप्पल घालून चढले नव्हते. ते पुढे होऊन पाषाणासमोर उभे राहिले. मग म्हणाले, ‘कळे काढ. हो प्रश्न माझो नाय.’

कळे काढले. पुढे आये कित्येक महिने माझ्याशी धड बोलली नाही. नाही तर नाही! वहिनी घरात होती.

आजच्या शिकलेल्या सुनांना मी तोंडावर सांगते, ग्रहण पाळायचं तर पाळा, पण वेळेवर सोनोग्राफी करा. जे आम्हाला आठव्या महिन्यात दिसलं ते आता कितीतरी आधी दिसतं. पुढे काय करायचं ते ठरवायला बाईच्या हातात वेळ राहतो.

दुसऱ्या खेपेला आठवा लागताच वहिनीने स्वतःच दवाखान्याचं काढलं. आये करवादली, ‘आधी बघून काय करतलंस? होवचा ता होतला.’

‘होवंदे,’ वहिनी म्हणाली. ‘पण सगळ्यांच्या आधी माका कळाक होया.’ आणि एस.टी. किती वाजता सुटते ते तिने बाबांनाच विचारलं.