रंभाबाईंनी बांध फोडला

श्रीपूरजवळ भीमेच्या काठी रंभाबाईंची तीन एकर मळई, म्हणजे नदीच्या गाळाची जमीन होती. नदीकडून बांध घालायला नवरा-बायकोला पंधरा वर्षं लागली. नवरा गेला, बांध राहिला. एका पावसाळ्यात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि पूर आला, तेव्हा त्या बांधानं सगळा ऊस वाचवला. रंभाबाईंना नवऱ्याचा अभिमान वाटला.

पाणी ओसरल्यावर त्या खालच्या वस्तीत मीनाबाईकडे गेल्या. मीनाबाई वीस वर्षं त्यांच्या रानात खुरपायला येत होती. तिच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं होतं. चिखल खरवडताना ती म्हणाली, "तुमचा बांध लई पक्का हाय, काकी. पान्याला तितं जागाच गावली न्हाय. मग आलं आमच्याकडं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते रंभाबाईंच्या मनात रुतून बसलं.

चार दिवसांनी त्यांनी मुलाला सांगितलं, "आदिनाथ, बांध फोडायचा."

"आई, आण्णांची पंधरा वर्षं हायत त्यात!"

"व्हय की. मातीची पाटी माज्याच डोक्यावर हुती."

आदिनाथ दोन दिवस बांधावर फेऱ्या मारत राहिला. तिसऱ्या दिवशी तोच जेसीबी घेऊन आला. बांधाला तीन ठिकाणी खिंडारं पाडली. पहिला ढिगारा कोसळला तेव्हा रंभाबाईंनी तोंड फिरवलं. नदीलगतच्या दोन एकरांत पुन्हा ऊस लावला नाही. तिथं गवत वाढू दिलं, कडेला करंज आणि वाळुंजाची झाडं लावली. "म्हातारीनं चांगलं रान नदीला वाहिलं," असं भावकी म्हणत राहिली.

पुढच्या वर्षी भाद्रपदात पुन्हा धरणाचे दरवाजे उघडले. पाणी खिंडारांतून आत आलं, गवतावर पसरलं आणि तिथंच मंदावलं. मीनाबाईच्या पायरीला लागलं, पण उंबरा ओलांडला नाही.

महिन्याभरात डबक्यांत मासे वळवळू लागले. त्यांच्यामागं चित्रबलाक आले, चांगले तीसेक. एवढे मोठे पक्षी आपल्या रानात रंभाबाईंनी कधी पाहिले नव्हते. रानडुकरंही आली आणि उरलेल्या उसाची एक सरी खाऊन गेली. रंभाबाईंनी त्यांना भरपूर शिव्या दिल्या.

एका सकाळी मीनाबाई म्हशीसाठी गवत कापायला आली. दोघी शेजारी बसल्या.

"पुढच्या साली जास्त पाणी आलं तर?" मीनाबाईनं विचारलं.

"तर वरच्या भावकीला बी बांध फोडाय सांगू," रंभाबाई म्हणाल्या. "ऐकत्याल का न्हाय, कुनास ठाऊक."

आणि त्याच दुपारी त्या वरच्या अंगाला बांध असलेल्या थोरल्या दिराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.