बद्रीनाथ दलालाचं माघारी गेलेलं जनावर

वाटूरच्या चौफुलीवर बद्रीनाथाचं नाव काढलं, की पन्नाशीच्या पुढची माणसं म्हणतात, "बैलांचा दलाल." पंचविशीच्या आतली म्हणतात, "आयडीचे नाना." माणूस एकच. वय अडुसष्ट, अंगात बंडी, खांद्यावर मळकट रुमाल, आणि समोर येईल त्या गोष्टीला नाक मुरडायची सवय. ट्रॅक्टरला तो 'धुराचं डबडं' म्हणायचा, एसटीच्या नव्या गाड्यांना 'काचेचं कपाट', आणि ज्या धंद्यावर गेली तीन वर्षं त्याचं चहापाणी चाललं होतं, त्याला 'हवेचा बाजार'.

बैलांच्या दलालीत त्याची पस्तीस वर्षं गेली. मालक आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे करायचे, रुमालाखाली एकेकाचा हात धरून बोटांवर भाव सांगायचा, आणि सौदा जमला की आपल्या जबानीवर जनावर द्यायचं. लिहिणं-बिहिणं काही नाही. एवढ्या वर्षांत त्यानं दिलेलं एकही जनावर माघारी आलं नाही, हा त्याचा अभिमान. घेतलेला बैल मारका निघाला, नाहीतर औताला बसू लागला, तर घेणारा तो दलालाच्या दारात आणून बांधत असे. तसं एकदा झालं की त्या दलालाच्या रुमालाखाली पुन्हा कोणी हात घालत नसे. मंठ्याकडच्या एकाचं तसं झालं होतं. तो मेला त्याला वीस वर्षं झाली, तरी त्याच्या नातवाला लोक अजून 'माघाऱ्याचा' म्हणूनच ओळखतात.

पुढं गावोगावच्या दावणी रिकाम्या झाल्या आणि बाजारात बैलांपेक्षा प्लास्टिकच्या खुर्च्या जास्त दिसू लागल्या. अशाच एका बाजारच्या दिवशी बद्रीनाथ चौफुलीवरच्या हॉटेलात बसला होता. शेजारच्या बाकावर दोन तरणे गडी एकमेकांच्या गचांडीला हात घालायच्या बेतात होते. भांडण मोबाइलवरच्या एका खेळाचं. खेळाचं नाव इंग्रजी आणि हातभर लांब. वाटूरला सगळे त्याला नुसतं 'बेट' म्हणतात, कारण त्यात शंभर जण एका बेटावर उतरून एकमेकांना गोळ्या घालतात. एकाला त्या खेळातलं आपलं खातं, म्हणजे आयडी, विकायचा होता आणि दुसऱ्याला तो घ्यायचा होता. विकणारा म्हणे आधी पैसे, घेणारा म्हणे आधी पासवर्ड. कंपनीच्या नियमात अशी विक्री बसत नाही, म्हणून फसवणूक झाली तर तक्रारीलाही जागा नाही.

"काय विकून राह्यला रे?" बद्रीनाथनं विचारलं.

"आयडी, नाना. त्यात बंदुका हायत, जीप हाय, हिरवा अंगरखा हाय."

"दाखव बरं अंगरखा."

त्यानं मोबाइल पुढं केला.

"हा तर चितरलेला हाय."

"चितरलेलाच असतो, नाना."

"मंग थंडीत काय करतो ह्याचं?"

हॉटेलात हशा पिकला. पण लोक हसत असतानाच बद्रीनाथनं रुमाल पसरला आणि एकेकाचा हात त्याखाली घेतला. चार मिनिटांत सौदा मिटला. पैसे त्याच्या एका मुठीत, पासवर्डची चिठ्ठी दुसऱ्या मुठीत, आणि दोन्ही मुठी एकाच वेळी उघडल्या. दलाली म्हणून दोनशे रुपये आणि भज्यांची प्लेट मिळाली.

तिथून लोक येऊ लागले. परतूरहून, अंबडहून, पार जालन्याहून. बद्रीनाथ आयडीची पारख बैलासारखीच करी.

"किती वर्साचा?"

"चार वर्साचा, नाना."

"काही खोड?"

"बिलकुल न्हाई. फक्त एकदा कंपनीनं सात दिवस बंद केल्ता."

"मंजी बसकं हाय. हजार कमी कर."

त्याला स्वतःला मोबाइल धडपणे धरताही येत नव्हता. सून मीना सकाळी चहा ठेवता ठेवता त्याला या खेळांच्या बातम्या वाचून दाखवी. पूर्वी तो मोंढ्यातले भाव ऐके, तसाच मान खाली घालून ऐकायचा.

"मामा, कंपनी म्हणती, हिरवा अंगरखा दिवाळीला पुन्हा विक्रीला येणार."

"मंजी हिरव्याचा भाव बसला. ना पेरलं, ना राखलं, बटण दाबलं की लाख अंगरखे. असल्या मालाला माल म्हणत्यात व्हय?"

"अन् परदेशात कोणी तरी नुसत्या सुऱ्याच्या चित्राला एवढे पैसे मोजले, की आपली सगळी गल्ली विकत येईल."

"कांदा कापता येतो का त्या सुऱ्यानं?"

"न्हाई."

"मंग त्याला म्हणावं वाटूरला ये. विळ्याचं चित्र काढून देतो, सस्त्यात."

हे रोजचं ऐकून दुर्गाबाई, म्हणजे त्याची बायको, एकदा वैतागून म्हणाली, "एवढी थू थू करता, मंग दलाली कशाला खाता त्याची?"

"मी त्यांचा माल कुठं विकतो? त्या लोकांकडं अंगरखे हायत, बंदुका हायत, जीपगाड्या हायत. भरवसा तेवढा न्हाई. तो माझ्याकडून नेतात."

बोलणं खरं होतं. पण बैलबाजाराचा एक रिवाज त्यानं या धंद्यातही जसाच्या तसा आणला होता. बैल विकला तरी त्याचं दावं विकत नसत. दावं मालकाच्या दावणीलाच राही आणि घेणारा आपलं नवं दावं घेऊन येई. दावं गेलं तर दावणीची बरकत जाते, अशी समजूत. आयडीला मोबाइलचा नंबर जोडलेला असतो हे कळल्यावर बद्रीनाथनं लगेच ठरवून टाकलं, हे त्याचं दावं. पासवर्ड जाईल, नंबर मालकाचाच राहील.

मीनानं त्याला सांगून पाहिलं होतं. "मामा, नंबर बदलून घ्यावा लागतो. पासवर्ड बदलायचा कोड त्याच नंबरवर येतो. उद्या त्यानं मनात आणलं तर..."

"मनात कसं आणील? जबानीवर दिल्यालं जनावर कोणी वढून नेतं का? तू भाकरी पाह्य."

अशी तीन वर्षं निभावली. सौदे लहान होते, माणसं जवळपासची होती, कोणाच्या मनात काही आलं नाही. बद्रीनाथाला मात्र वाटलं, रिवाज बरोबर होता म्हणून निभावलं.

मग राधेश्याम आला. हा जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात साहेब. चाळिशी गाठलेला, डोक्यावरचे केस परत बोलावल्यासारखे निघून चाललेले, दोन लेकरांचा बाप. ऑफिसातल्या नऊ जणांनी बेटावर लढायला गट केला होता. त्यातल्या सगळ्यात ज्युनियर माणसाकडं खेळाच्या पहिल्या वर्षाचा लाल अंगरखा होता आणि साहेब असून राधेश्यामकडं नव्हता. हे दुःख त्यानं बद्रीनाथापुढं इतकं तपशीलवार मांडलं, की बद्रीनाथला वाटलं याच्या घरात कोणी गेलंय.

लाल अंगरखा होता शहागडच्या अंगदकडं. तिशीचा गडी, हायवेवर ट्रकच्या टायरचं पंक्चर काढायचं दुकान, हात कोपरापर्यंत काळे. वाटूरच्या हॉटेलात सौदा झाला. एका बऱ्या गोऱ्ह्याला लागतील तेवढे पैसे राधेश्यामनं मोजले.

"नाना, नंबरपण माझाच टाकून घेऊ का?" त्यानं विचारलं.

"दावं मालकाचं असतं, साहेब. माझ्या जबानीवर नेऊन राह्यले ना? मंग न्या."

राधेश्याम जालन्याचा असला तरी त्याला नानांचं नाव माहीत होतं. तो घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी मीनानं बातमी वाचली. कंपनीनं जाहीर केलं होतं, की पहिल्या वर्षाचा लाल अंगरखा पुन्हा कधीच काढणार नाही. जगभर त्याचा भाव दोन दिवसांत तिप्पट झाला.

"टकल्याचं नशीब," बद्रीनाथ म्हणाला आणि चहा संपवला.

दुसऱ्याच दिवशी राधेश्यामची मोटारसायकल दारात उभी राहिली. त्यानं बाजेवर बसून मोबाइल पुढं ठेवला. पडद्यावर लाल अक्षरं होती.

"काय लिव्हलंय?" बद्रीनाथनं मीनाकडं पाहिलं.

"पासवर्ड चुकीचा हाय म्हणतंय," मीना म्हणाली.

"परवा रात्री बदलला, नाना. त्याच्या नंबरवर कोड मागवला आणि बदलला. अंगद फोन उचलत नाही." राधेश्यामनं दुर्गाबाईनं दिलेल्या चहाला हात लावला नव्हता. "ऑफिसात मी छाती ठोकून सांगितलं होतं, वाटूरच्या नानांचा माल आहे, लोखंड आहे. बैल तरी परत जाताना रस्त्यात कोणाला दिसतो हो. हा दिसलासुद्धा नाही."

बद्रीनाथ उठला. "तीन दिस द्या," म्हणाला.

दोन एसट्या बदलून तो शहागडला पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अंगद टायरच्या चळतीवर बसून बेटावरच होता. पडद्यावर लाल अंगरखा घातलेला माणूस पळत होता.

"या नाना! ए, नानाला चहा सांगा रे."

"चहा राहू दे. जनावर माघारी आलं म्हणं तुझ्याकडं."

"आलं." अंगद हसला. "तुम्हीच म्हणले व्हते न्हाई का, दावं मालकाचं? दावं माझ्या हातात, मंग जनावर कुठं जाणार?"

ट्रकवाले दोघंतिघं चहा पीत उभे होते. तेही हसले.

"दावं ठेवायचं ते आठवण म्हणून, मूर्खा. त्यानं इकल्यालं जनावर वढून आणायला न्हाई."

"मंग तसं बोलायचं व्हतं ना त्या दिशी."

"हे बोलून सांगायचं असतं व्हय? तुझ्या बापाला इचार."

"बापाला बेट माहीत न्हाई, नाना." अंगदनं हात पुसले, आत जाऊन नोटांचं पुडकं आणलं. "हे घ्या, त्या टकल्याचे जेवढे व्हते तेवढे बराबर हायत. चोर न्हाई मी. भाव तिप्पट झाला अन् मी यडा व्हय, जुन्या भावात द्यायला? बातमी तुम्ही बी ऐकली असंल."

बद्रीनाथनं रुमाल काढला आणि हात पुढं केला. रुमालाखाली बसवता येईल असं त्याला अजून वाटत होतं. अंगदनं रुमालाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"ते काय असतं नाना? तोंडानं बोला ना. नाही तर मेसेज करा."

रुमाल तसाच हातात राहिला. बद्रीनाथनं पुडकं घेतलं आणि चहा न पिताच एसटीसाठी रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

परतीच्या वाटेवर त्यानं अंगदला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, राधेश्यामच्या टकलाला दिल्या. अंबडपर्यंत शिव्या पुरल्या. पुढं त्याला नवी शिवी सुचेना, कारण शिव्या द्यायला उरला होता तो स्वतःच. मीनानं सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नव्हतं. अंगदनं चोरी केली नव्हती, बद्रीनाथनंच दार उघडं ठेवून त्याला रिवाज म्हटलं होतं.

जनावर माघारी गेलेल्या दलालानं भर बाजारात उभं राहून ते सांगायचं असतं. न सांगता लपवलं आणि मग फुटलं, तर आणखी वाईट. पुढच्या बाजारच्या दिवशी त्यानं राधेश्यामला बोलावून घेतलं. हॉटेल भरलेलं होतं. बाकावर, पायरीवर, मोटारसायकलींवर मिळून वीसेक तरणी माणसं, निम्मी त्याच्या रुमालाखालून सौदे केलेली. बद्रीनाथनं राधेश्यामच्या हातात पुडकं ठेवलं, त्यावर आपली दलाली ठेवली आणि मधोमध उभा राहिला.

"ऐका रे. शहागडच्या अंगदाचा आयडी मी माझ्या जबानीवर दिल्ता. तो माघारी गेला. चूक अंगदाची न्हाई, माझी हाय."

त्यानं खांदे आवळून घेतले. आता कोणी तरी थुंकेल, कोणी मोठ्यानं हसेल, कोणी उठून जाईल. कढईत भजी चुरचुरत होती. पायरीवरल्या एकानं मान वर केली.

"कोणता, नाना? लाल अंगरख्याचा?"

"व्हय. लालच."

"आता काय भाव चालू हाय त्याचा?"

नोटा खिशात घालता घालता राधेश्यामनंच भाव सांगितला. दुसरा म्हणाला, छे, पुण्यात त्याहून जास्त चाललाय. तिसऱ्यानं मोबाइल काढून दाखवला. बाक सरकले, डोकी एकत्र आली, वाद रंगला. बद्रीनाथ मधोमध उभाच होता, आणि लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांशी बोलत होते.

कोणी तरी त्याची बाही ओढली. परतूरचं एक गिऱ्हाईक होतं. "नाना, माझा निळा हाय. बघता का?"

"मी आत्ता काय बोललो, ऐकलं का तू?"

"ऐकलं की. व्हतं नाना असं. चालायचंच."

"चालायचंच?"

"मंग? माझाच दोनदा गेलाय."

बद्रीनाथनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्यात टोमणा नव्हता. दया नव्हती, रागही नव्हता. तो खरोखरच निळ्या अंगरख्याचं विचारत होता. मंठ्याच्या त्या दलालाला निदान शिव्या देणारी माणसं तरी भेटली होती.

तो घरी आला. मीना अंगणात मिरच्या निवडत होती. हात थांबवून तिनं विचारलं, "काय म्हणले लोक, मामा?"

"लोक कुठं व्हते तिथं? गिऱ्हाईकं व्हती नुसती."

तो बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला. थोड्या वेळानं मीना दबकत म्हणाली, "परतूरहून फोन आल्ता, परवा दोघं येणार हायत. निळ्या अंगरख्याचे. त्यांना काय सांगू?"

"सांग, आधी नंबर बदला," बद्रीनाथ भिंतीकडंच पाहत म्हणाला, "अन् दुसरा दलाल पाहा."